खिळ्यांची जागा

एक्कावन्नाव्या वर्षी मी दातांना तारा बसवून घेतल्या
तेव्हा डिचोलीच्या बाजारात पहिला हसला
तो माझाच भाऊ.
"परत बोहल्यावर चढतोस की काय?"
मी रंधा मारत राहिलो.
तारांवर ओठ नीट मिटत नव्हते,
नाहीतर उत्तर होतं माझ्याकडे.

खालचे दोन दात एकमेकांच्या मांडीवर बसलेले,
शाळेत होतो तेव्हापासून.
त्यांच्यामागे एक अंधारी फट,
जिथे ब्रश पोचत नसे
पण तारल्याचा काटा बरोबर पोचायचा.
रोज सकाळी हिरडी बेसिनमध्ये
थोडी थोडी उतरायची,
कोकमाच्या आगळासारखी.
चावायचो उजवीकडूनच.
ती दाढ झिजून मधे खोलगट,
जुन्या पायरीसारखी.
आणि कानशिलात एक ठोका,
दुपारी तीननंतर,
करवत थांबली तरी न थांबणारा.
मी म्हणायचो ऊन लागलं.
बायको म्हणायची पित्त.

सुलक्षा म्हणाली, बाबा, जबडा.

म्हापशाला, हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर
मास्कारेन्यस डॉक्टरबाईंनी दोन बोटांनी
माझा जबडा उघडला, मिटला, परत उघडला,
मान तिरकी करून ऐकत.
मला ते ऐकणं ओळखीचं.
लोकांच्या दारांपाशी मी असाच उभा राहतो.
दार कुरकुरतं खाली, उंबऱ्याशी,
दुखणं असतं वरच्या बिजागरीत,
जिने एकटीने भार ओढलेला असतो.

"बसतंय चुकीचं," त्या म्हणाल्या,
"म्हणून सगळं एकाच दाढेवर."
"म्हणजे चौकट सरळ, पल्ला वाकडा."
त्या हसल्या.
त्यांचे दात मी पाहून घेतले. ओळंब्यात होते.

मग फोटोत हाड दाखवलं.
करडं, माझंच, आणि मला अनोळखी.
हाड सरकतं म्हणाल्या,
दाताच्या एका अंगाला विरतं, दुसऱ्या अंगाला भरून येतं.
जोर थोडा, दिवस पुष्कळ.
तीस वर्षं शिकाऊ पोरांना मी हेच सांगतोय
पाचर ठोकताना,
पण ते हाडालाही लागू असेल
हे कुणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षं.
जत्रेतून आणलेलं खाजं इतरांनी खाल्लं.
दर महिन्याला अस्नोड्यावरून बस,
तारा आवळल्या की तीन दिवस पेज.
आणि खिळे तोंडात धरायचे नाहीत.

हे जड गेलं.
चौदाव्या वर्षापासून तिथेच ठेवत आलो खिळे,
त्या दोन दातांच्या मांडीत.
चार मावायचे, पाचवा ओठांत.
हात न बघता वर जायचा.
आता कमरेला कापडी पिशवी,
तरी हात वर जातो,
रिकाम्या ओठाला लागतो,
ओशाळून खाली येतो.

तारा निघाल्या त्या दिवशी
बाईंनी दातांमधून दोरा काढून दाखवला.
सरळ गेला, पांढराच बाहेर आला.
मी तो उजेडाकडे धरला,
एक डोळा मिटून,
फळीवर सूत धरतो तसा.

घरी येऊन कडक उंडा पुढच्या दातांनी मोडला.
दोन्ही गालांनी खाल्ला.
तीन वाजले, साडेतीन.
करवत थांबवून वाट पाहिली.
ठोका आला नाही.
चारला बायकोने चहा आणला, म्हणाली,
"असे काय बसलात, कुणी यायचंय?"

भाऊ म्हणाला, "सरळ झालास रे."
"दात," मी म्हटलं. "बाकी तसाच."

रात्री पारदर्शक साचा घालून झोपायचं.
बाईंनी बजावलंय,
दातांना जुनी जागा आठवत राहते.
मला नवल नाही.
देवघराचं दार फणसाचं, मीच केलेलं,
बावीस वर्षं झाली,
अजून आषाढात झाडासारखं वळू बघतं.
आणि जीभ झोपेत
साच्याच्या आतून चाचपडत राहते
ती फट,
ते चार खिळे.