बावीस आटे

निवृत्तीला अकरा दिवस उरले तेव्हा
खाजा मैनोद्दीननं मला चावी दिली.
चार फुटांची, लोखंडी, वर आडवा दांडा,
तळहातांनी झिजून चकचकीत झालेला.
म्हणाला, मॅडम, आधी रजिस्टरला नोंद करा, मग हात लावा.
नोंद केली. नग एक.

रात्री दोनला, रंगारगल्लीच्या तिठ्यावर
त्यानं झाकण सरकवलं, बॅटरी मारली,
खड्ड्यातल्या बेडकाला चावीनंच बाजूला सारलं
आणि मोजायला लागला.
"ह्या वॉलला बावीस आटे.
तेविसावा फिरवला तर आपल्याला काही कळत नाही.
चढावरच्या तेरा घरांना कळतं."

माझ्याकडं टॅबवर नकाशा होता.
निळ्या रेषा पाण्याच्या, तपकिरी सांडपाण्याच्या,
कन्सल्टंटनं पुण्यात बसून काढलेल्या,
कुठंच एकमेकींना न शिवणाऱ्या.
चाचानं तो बघितला, दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम
बघावा तसा, कौतुकानं.
मग बोट ठेवलं. इथं शिवतात.
इथं. आणि हलवायाच्या मागं तर
पाइप गटाराच्या पोटातूनच जातो;
भूकंपाच्या साली मीच गुंडाळली त्याला
सायकलची ट्यूब.

जालन्यात आमच्या भागाला नवव्या दिवशी पाणी.
आठ दिवस पाइप रिकामा.
कॉलेजात ह्याला ऋण दाब म्हणायचे.
चाचा म्हणाला, उपाशी पोट काय निवडतं का?
मिळेल ते आत ओढतं.
म्हणून आम्ही रिक्षाला भोंगा लावून सांगतो,
पहिली दहा मिनिटं पाणी वाहू द्या.
नवव्या दिवशी.
दहा मिनिटं.
वाहू द्या.

सोजरबाईनं पहिली घागर बाजूला ठेवली, ओतली नाही.
निवळली की भांड्याला होईल.
"तू देतीस का गं वाहू, तुझ्या घरी?"
माझ्या घरी जार येतो. मी खाली बघून
मीटर नसलेल्या नळाचा मीटर वाचत राहिले.

मार्चमध्ये त्या गल्लीत नऊ जणांना कावीळ.
मी टिपणीत लिहिलं, गळती संशयित.
वरून शेरा आला, संशयित हा शब्द वगळावा.
वगळला. नुसती गळती उरली.
दुसऱ्या शेऱ्यात तीही गेली.

कान लावा, चाचा म्हणाला.
चावीचं एक टोक वॉलवर, दुसरं कानामागच्या हाडाला.
मला माझीच नाडी ऐकू आली.
त्याला ऐकू आलं:
डाव्या हाताला, वीसेक पावलांवर, बारीक,
दूध उतू जायच्या आधी करतं तसं.
तिथं आता सिमेंटचा रस्ता,
कोनशिला, तिच्यावर वाळलेला हार.
फोडायची परवानगी मी तीनदा मागितली.

निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन
तो घरी न जाता तिथं आला.
चुन्याच्या फक्कीनं रस्त्यावर एक फुली मारली,
हात झटकले, नारळ सोजरबाईच्या नातवाला दिला.
मॅडम, पुसली की गिरवत जा.

गिरवते. दर नवव्या रात्री, बावीस मोजून झाले की.
आता लोक म्हणतात, करणी आहे.
मोटारसायकली फुलीला वळसा घालून जातात.
गुरुवारी तिच्यावर एक लिंबू होतं, अर्धं कापलेलं.

काल नगरसेवकांचा फोन. आमच्याच दारासमोर?
काय प्रकार आहे हा? पुसून टाका.
म्हटलं, पुसते की साहेब,
पण ती वरून मारलेली नाही.
खालून येते.

पलीकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही.
फक्त त्यांच्या मोरीतला नळ ऐकू येत होता,
नुकताच सुटलेला,
आधी हवा खोकून,
मग धार.