पोटाखालचा पत्रा

रुस्ताकच्या गॅरेजात, दुपारी दोनला,
याकूब पारकर जिम्नीखाली सरपटत गेला
आणि तिथूनच म्हणाला,
"बाय, हिच्या पोटावर वळ उठलेत."

मीही आडवी झाले. पाठीखाली पुठ्ठा,
नाकावर ऑइलचा थेंब.
सात वर्षं हिला
नुसती वरून पुसत होते.

चार मिलिमीटर ॲल्युमिनियम, सहा बोल्ट,
ऑइल काढायला एक भोक.
"पोलाद नको," तो म्हणाला, "लहान जीव आहे,
ओझ्यानंच बसेल."

शुक्रवारी वादीत,
खजुरांची शेवटची रांग मागे पडली
आणि पहिला धोंडा लागला.
ठण्ण!
मागच्या सीटवर पेंगणारी केतकी
डोळे न उघडताच म्हणाली,
"आई, बघ ना,
कुणीतरी आलंय."