ओहोटीत नांगर

अकराला तोफ. तोफ कसली,
क्लबाच्या गच्चीवरून एक भोंगा, सर्दी झाल्यासारखा.
विव्हन्होच्या धक्क्याला कोल्न नदी काठोकाठ
आणि वारा नावाला.
पलीकडे कुणी पाइप ओढतंय,
धूर सरळ वर जाऊन विचारात पडलाय.

"शिडाच्या बाजूला बस, हेम," मॉरीन म्हणते.
मी बसले की होडी कलते,
कापड स्वतःच्याच वजनानं पोट धरतं,
वारा नसताना वारा असल्यासारखं.
मग हलायचं नाही.
गुडघ्याला मुंग्या आल्या तरी नाही.
शिंक यायची असेल तर आधी सांगून.
एकोणीस वर्षं मी कोल्चेस्टरच्या इस्पितळात
माणसांना हलायला शिकवते,
वाकवा, उचला, अजून थोडं,
आणि रविवारी ही एकाहत्तर वर्षांची बाई
सुकाणूला दोन बोटं लावून
माझ्याकडून न हलणं घोटून घेते.

तारेला बांधलीय कॅसेटची फीत, वीतभर, तपकिरी.
ती मी दिलेली.
मिरजेच्या काकांनी रेडिओवरून टिपलेला
कुणाचासा मारवा होता त्यात,
एकदा गुंतला तो गुंतलाच.
हिशेब केलाय मी: एका वितीत चार सेकंद मावतात.
चार सेकंदांची संध्याकाळ
भर सकाळी तारेवर लोंबकळतेय,
आणि आम्ही दोघी तिच्याकडे टक लावून,
ही कुठे वळते.

पाण्यावर काळसर डाग दिसला की तिकडे.
डाग विरला की पुढचा.
ओहोटीनंच ढकलत नेलं आम्हाला
आल्सफर्डच्या खाडीशी, पिवळ्या बोयापर्यंत.
बोयाला वळसा घातला
आणि वारा पडला.
पडला म्हणजे हातातून बशी पडावी तसा नव्हे;
पाहुणा न सांगता उठून गेलेला असतो, तसा.

उजवीकडे ग्रेगरी पास्क आणि त्याचा नातू,
नवं शीड, करकरीत, घडी अजून मोडलेली नाही.
मॉरीन ओठ न हलवता:
"नांगर. डाव्या अंगानं. आवाज नको."

नवा खुबा बसवलेल्या माणसाचं
पहिलं पाऊल टेकवतात, तसा सोडला मी तो.
दोरी सरकली, सरकली,
मग खालच्या चिखलानं मुठीत धरली.
वर सगळं तसंच. शीड तसंच,
बोटं सुकाणूवर, चेहरे शर्यतीतले.

आणि पास्क मागे जाऊ लागला.
नाक आमच्याकडे, मान ताठ, नजर पुढे,
आणि अगदी शिस्तीत मागे मागे,
ब्राइटलिंगसीच्या दिशेला.
त्याच्यामागून निळी होडी, मग ती जुळ्या बहिणींची.
नातू ओरडला, "त्यांना कुठला वारा मिळतोय?"
आम्ही अंगाला वारा लागू दिला नाही.

पुढे न जाणारा तो मागे पडला,
असं आमच्या घरी धरत.
पाण्याचा हिशेब कुणी केला नव्हता.

पाऊण तास. एक बगळा. दोघींत एक सँडविच.
मग फीत हलली.
"उचल!" मॉरीन म्हणाली, आणि चिखल म्हणाला, नाही.
मी ओढतेय, ती ओढतेय, नाक पाण्यात,
इतका वेळ जपलेलं न हलणं सगळं उधळून,
आणि पास्क मागून येऊन शेजारून गेला,
टोपी काढून: "मासे लागले का?"

पन्नास हात गेला असेल. फीत पुन्हा गप्प.
आता आमचा नांगर वर, तो आणि आम्ही
दोघेही निघालो समुद्राकडे, समोरासमोर, हसत.

दोन वाजता भोंगा, तीनदा. वेळ संपली, शर्यत रद्द.
मोटारबोटीनं एकाच दोरीला ओवून आणलं सगळ्यांना,
नवं शीड, जुनं शीड, बहिणी,
शेवटी आम्ही, नांगराला एसेक्सचा चिखल.

सोमवारी माझ्या नखांकडे बघून
आठ नंबरचे मिस्टर थरगुड म्हणाले, "बागकाम?"
"शर्यत," म्हटलं. "गुडघा वाकवा. अजून थोडा."