तेल पाजलेली वाळू

अवालीच्या क्लबात गवत नव्हतं तेव्हा
वाळूला क्रूड पाजून रूळ फिरवायचे,
काळपट तपकिरी व्हायची,
तरी साहेब तिला ग्रीनच म्हणायचे.
कमरेला हिरव्या चटईचा तुकडा लटकवून हिंडायचे:
चेंडू पडेल तिथे अंथरायचा, फटका मारायचा, उचलायचा.
मुसल्लाच जणू, अब्बासमिया परकार म्हणायचे,
मग स्वतःच तोबा तोबा.

अब्बासमिया दाभोळचे. बावीस वर्षं
गोणपाट ओढत भोकाभोवती गोल गोल,
साहेबांची पावलं पुसत, मागे वळून स्वतःचीही.
खेळले एकदाच.
जूनची दुपार, चिटपाखरू नाही.
सातव्या भोकाला तीन फटके.
साक्षीला एक घोरपड, तीही पाठमोरी.

आता रात्रभर फवारे चालतात.
फलकावर सगळे कप्तान सोनेरी अक्षरांत,
अडतीस सालापासूनचे.
दर गुरुवारी पुसतो मी तो,
सातव्या ओळीशी फडकं जरा रेंगाळतं, उगाच.

तो चटईचा तुकडा दाभोळला आहे, मागच्या पडवीत,
मधोमध चेंडूएवढं टक्कल पडलेला.
चाची त्यावर पाय पुसते.
म्हणते, हे कसलं रे गवत तुमचं,
शेजाऱ्यांची गाय नुसती हुंगून गेली.