ठिपके

माझ्या टेबलावर साबणाच्या वडीएवढं एक यंत्र आहे.
त्याला फक्त बोटं कळतात.
आणि आमच्या गावातल्या बायांची बोटं
विड्या वळून वळून कोरी झालेली.

भिवराबाई काटेखाये अंगठा ठेवते.
यंत्र म्हणतं, ही ती नव्हे.
लुगड्याला पुसते, फुंकर घालते, परत ठेवते.
ही ती नव्हे.
रांग हसते.
'थांब व माय,' ती यंत्रालाच म्हणते,
'साठ वर्साची ओळख हाये माही माह्याशी.'

म्हणून कार्ड. कार्डाला चार आकडे.
मी सगळ्यांना बजावते, मला सांगू नका,
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहते, तुम्ही दाबा.
पण लोक मोठ्यानं बोलत दाबतात,
शाळेत पाढे म्हणावे तसे.
काही तर कार्डच पुढ्यात टाकतात,
तुले तं मालूमच हाये.
मालूम आहे. तेच तर दुखणं.
हिवराज लांजेवारचा म्हणजे त्याच्या गाडीचा नंबर,
पोलीस पाटलाचा एक दोन तीन चार,
कौतिकाबाईचा, तिचा पोरगा चुलबंदीत बुडाला ते साल.
(हे इथंही सांगायला नको होतं.)
रात्री भात उतू जातो तेव्हा मी गावाचे आकडे विसरत बसलेली असते.
विसरायचं प्रशिक्षण
साकोलीच्या शाखेत अजून लागलेलं नाही.

भिवराबाईला आकडे येत नाहीत.
आधी तिनं चार वाट्यांत चिंचोके मोजून ठेवले,
कोंबडीनं विस्कटले.
चिठ्ठी केली, ती भाच्याच्या हाती लागली.
नवे आकडे घेतले, चिठ्ठी चुलीत घातली,
आणि दिवाळीनंतरच्या मंडईत
दंडार उभी राहायच्या आधी
गोंदणाऱ्याच्या पालात जाऊन बसली.
जुन्या तुळशीवृंदावनाखाली नवे ठिपके,
बॅटरीच्या मशीनचे, हिरवेगार.
गोंदणाऱ्याला वाटलं, नक्षी.

सोमवारी तिनं बाही वर केली,
बोटानं चाचपत ठिपके मोजले,
तेवढीच घरं मोजून कळा दाबल्या.
मी कॅलेंडरकडे पाहत होते.
शपथेवर सांगते, जवळजवळ सगळा वेळ.
शाखेची सूचना म्हणते, आकडे कुठेही लिहू नयेत.
कातडीबद्दल सूचनेत काही नाही.

माघात फोन आला. गोड आवाज, पुस्तकी भाषा,
कार्ड बंद पडेल आजी, चार आकडे सांगा.
'आकडे मले येत नाई, बाप्पू. ठिपके येते.
पाह्याचे असन तं घरी ये.'
पलीकडे थोडा वेळ कुणीच नव्हतं.
मग तो माणूसच बंद पडला.

गोष्ट गावभर झाली आणि तिथंच घोटाळा झाला.
आता ज्याला त्याला तिचं मनगट पाहायचं.
पोरं मोजतात. पानठेल्यावर पैजा लागतात.
भाचाही मोजतो, मामीचा हात दाबून देता देता.
मी म्हटलं, लांब बाह्यांचं पोलकं शिव, उन्हाळा असला तरी.
ती हसली, सुपारी गालात सरकवली.
'मोजू दे न.
कोठून सुरू कराचं
थे कोठी गोंदलं हाये?'

त्या दिवशी शटर ओढल्यावर मी कीबोर्ड उलटा केला.
खाली चिकटपट्टीनं डकवलेला माझा पासवर्ड,
लेकीचं नाव आणि तिचं जन्मसाल.
फाडला.
नवा केला, लांब, कुणाच्याच नावाचा नसलेला,
आणि सायकलवर घरापर्यंत ओठांत घोळवत निघाले.
नहराच्या पुलावर हिवराज भेटला,
'काय पुटपुटून राह्यली व?'
आणि मी
सांगता सांगता राहिले.