तीनशे मिलिसेकंद

मोल्देच्या धक्क्यावर दुपारी तीनलाच दिवे लागतात.
फेरीबोटीच्या नियंत्रण-खोलीत
ऑडनी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलीय,
पायात लोकरीचे मोजे, बूट दाराशी निथळताहेत.
तक्रार एका ओळीची:
बटण दाबलं की रॅम्प उघडतो आणि लगेच मिटतो.
कधी कधी.

कधी कधी हा तिच्या धंद्यातला विंचू,
दगड उचलावा तर खाली नसतो.

तसं तिनं लिहिलेलं सगळं साधं आहे.
आत एक वर्तुळ आहे,
बहुतेक वेळ झोपलेलं, पण एक कान उघडा ठेवून.
बोट टेकलं, बोट उचललं,
खिडकीचा झाकलेला कोपरा उघडा पडला,
सगळ्यांनी रांगेत यायचं, आधी आला तो आधी.
रंगकाम तेवढं मागे ढकललं जातं,
ते कुठेही असंच.

बटणानं हाकेला ओ दिली तर ठीक.
नाही दिली तर हाक वर जाते,
चौकटीकडे, चौकटीकडून खिडकीकडे,
मला काय विचारता, वरच्यांना विचारा.
आणि वरच्यांनीही घेतली नाही तर
विरून जाते.
ना एरर, ना बीप,
कुठल्याच फाइलीत तिची नोंद नाही.
कॉलेजात असताना ऑडनीला हे भयंकर वाटलं होतं.
आता ती त्यावर पगार घेते.

रॅम्पची तार तिनं काढून ठेवलीय.
पडद्यावर नुसती हिरवी पट्टी उघडते, मिटते.
दीडशे वेळा दाबलं.
अंगठ्यानं, करंगळीनं, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं.
दीडशे वेळा शहाण्या मुलासारखं वागलं बटण.

मग हालवार आला, पाळीवर, कॉफीचा थर्मास काखेत.
त्रेसष्ट वर्षं, त्यातली अडतीस याच पाण्यावर.
हातमोजा दातांनी ओढून काढला, दाबलं.
उघडली. मिटली.
"बघ," तो म्हणाला, खटला जिंकल्यासारखा.

ती पडद्याकडे बघत नव्हती.
बोट टेकलं, केसभर उठलं, पुन्हा टेकलं.
नोंदवहीत तेच, निर्विकार:
दाबलं १५:२२:०७.११८
सोडलं १५:२२:०७.१६१
दाबलं १५:२२:०७.२३९

तिनं पाहिलं हे त्यानं पाहिलं.
हात खिशात गेला.
"थंडी," तो म्हणाला.
हीटर पूर्ण सोडलेला होता, काचांवर आतून वाफ.

"बटणातच दोष आहे," ऑडनी म्हणाली.

तीन ओळी लागल्या.
पहिला ठोका घे.
मग तीनशे मिलिसेकंद त्याच बटणावर काहीही आलं
तरी ऐकून न ऐकल्यासारखं कर.
बदलाच्या नोंदीत काय लिहायचं यालाच वेळ लागला.
'कंप' लिहिलं, खोडलं.
'दुहेरी ठोके दुरुस्त' लिहिलं.

साडेचारच्या फेरीला रॅम्प एका दमात उघडला.
अकरा गाड्या, एक दुधाचा टँकर,
सायकल हातात धरलेली एक मुलगी.
हालवारनं खोलीतून बाहेर न बघताच
कॉफीचं झाकण तिच्याकडे सरकवलं, भरलेलं.

परतीच्या बसमध्ये तिच्या ध्यानात आलं:
ती हाक वर गेलीच नाही.
ना कंपनीच्या डॉक्टरकडे, ना कप्तानाकडे.
मध्येच तिनं झेलली आणि घेतली म्हणून सांगितलं.
नियम तिला पाठ आहे, नवख्यांना तीच शिकवते:
घेतली म्हणालात
तर पुढचं तुमच्याकडे.

लाल बटणाला मात्र तिनं हात लावला नव्हता,
ते आणीबाणीचं, काचेखालचं.
तिथं कितीही थरथरत आलं बोट,
कितीही वेळा,
दरवेळी ऐकायचं.

बस बोगद्यात शिरली. फोनची रेंज गेली.
हालवारचा नंबर तिच्याकडे नव्हताच.