ओल किती चढते

ओल्डहॅम. गावाच्या नावातच ओल आहे,
पण हे इथे मी कुणाला सांगणार?
गिरण्यांची दोन धुराडी उरलीत,
बाकी विटांच्या घरांच्या रांगा, एकमेकींना खेटून,
आणि त्यातल्या सत्तेचाळीस नंबरात
मिसेस एडना क्रॉशॉ, वय शहाऐंशी,
दाराची साखळी काढता काढताच विचारतात:
"वास येतो का, खरं सांग."

येतो.
बटाट्याच्या पोत्याच्या तळाचा.

मीटरच्या दोन सुया मी भिंतीत टोचते.
तो किरकिरतो.
खाली प्लास्टरला पोपडे, वर मिठाची पांढरी रेघ,
भरती ओसरल्यावर वाळूवर राहते तशी,
फक्त ही भरती अजून ओसरलेली नाही.
वीट म्हणजे नळ्याच नळ्या, मी समजावते,
केसाहून बारीक. पाणी कडेला बिलगतं,
मागच्याला हात देतं,
थेंब थेंबाला सोडत नाही,
आणि असं ते चढत जातं, जिना नाही, पंप नाही.
नळी जितकी बारीक, तितकं उंच.

माझे वडील इचलकरंजीत रंगखात्यात होते.
सुताची लडी रंगात नुसती टोकाशी टेकवून म्हणायचे,
ओढू नकोस. सूत आपलं आपण पितं.
आपण फक्त उभं राहायचं.

"किती उंच?" मिसेस क्रॉशॉ विचारतात.
फार तर मीटरभर. मग वजन जिंकतं.
त्या उठतात, वितीने भिंत मोजतात,
कमरेशी थांबतात.
"म्हणजे घड्याळापर्यंत नाही."
नाही.
"बरं."

कारण मागच्या अंगणात सापडतं.
भिंतीच्या पायाशी पाटीच्या दगडाचा पातळ थर,
ओल तिथेच अडावी म्हणून शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी घातलेला.
त्याच्याही वर वीतभर माती चढवलीय,
मातीत गुलाब, छाटलेले, नोव्हेंबरचे,
प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याची पट्टी, त्यावर पेन्सिलीने नाव.
"केनेथचा वाफा. रिटायर झाला त्या वर्षीचा.
प्लंबर होता गं. जन्मभर लोकांची गळती बंद केली."
त्या हसतात, आणि हसणं तोंडावर तसंच राहून जातं.

उपाय सोपा. फावडं आणि एक दुपार.
इंजेक्शन नको, केमिकल नको.
माझ्या कंपनीला हे आवडणार नाही, तरी सांगते.
त्या ऐकतात,
आणि पाइंटचा ग्लास नळाखाली धरतात.

काठोकाठ.
"पबमध्ये तो पैज लावायचा. बघ."
एक पेनी, उभी, काठाच्या आतून, हळूच.
दुसरी. सातवी.
पाणी काठाच्या वर फुगत जातं,
त्याला पोट येतं, पोटात खिडकी वाकडी होते.
कातडी नाही, तरी ताणलेलं.
अठरावी. केनेथचा आकडा तेवीस होता.
त्यांचा हात हवेत थरथरतो,
नाणं पाण्याला टेकलं की थांबतो.

मी फॉर्म काढते.
कारण, एका ओळीत लिहायचं असतं.
लिहिते: माती.
खोडते. लिहिते: वाफा.
पुढचा रकाना उपायाचा. पेन टेकवून बसते,
हलका कागद, शाई पसरत जाते,
एक काळा ठिपका, मग त्या ठिपक्याला
चहूबाजूंनी केस फुटतात.

"एकवीस," त्या म्हणतात.
"आता तू टाक.
घाई करू नकोस हं."